झोप पाहून अंथरूण पसरावं

झोप लागत नाही म्हणणाऱ्या माणसाला घरातला प्रत्येक जण एकच सल्ला देतो, "आज जरा लवकर आडवा हो." आई तेच सांगते, शेजारचे काकाही तेच सांगतात. सल्ला मायेचा असतो, पण निद्रानाश मुरवायचा हमखास मार्ग नेमका हाच आहे. साडेनऊला दिवा मालवायचा, बारापर्यंत कूस बदलत राहायचं, पहाटे कुठेतरी डोळा लागला की ती झोप वाया जाऊ नये म्हणून आठपर्यंत लोळायचं आणि दुपारी भरपाई म्हणून तासभर पाठ टेकायची. दिवसाचे साडेअकरा तास अंथरुणात जातात आणि झोप होते साडेपाच तास.

एखाददुसरी वाईट रात्र सगळ्यांच्याच वाट्याला येते, तिची इथे चर्चा नाही. झोपायला वेळ आणि जागा असूनही आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही किंवा मधेच उडते, हे तीन महिने चालतं आणि दिवसाच्या कामावर त्याचा परिणाम होतो, तेव्हा त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितलं की प्रौढांच्या अशा निद्रानाशावर पहिला उपचार गोळीचा नको, वर्तनोपचाराचा हवा. सीबीटी-आय या नावाने तो ओळखला जातो. त्यातला सगळ्यात कडक आणि माझ्या मते सगळ्यात गुणकारी भाग म्हणजे अंथरुणातला वेळ कमी करणं. उलटं वाटतं, म्हणून आधी कारण बघू आणि मग कृती.

झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली झोपेचं एक साधं प्रारूप मांडलं, ते आजही वापरात आहे. झोप दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे झोपेचा दाब. आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जितके तास जाग, तितका दाब जास्त. झोप लागली की तो उतरतो, आणि रात्रीच्या पहिल्या भागातली गाढ झोप तो सगळ्यात वेगाने उतरवते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या लगेच वर साधारण वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. त्याचा दिवस बहुतेकांमध्ये चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो, म्हणून रोज सकाळच्या उजेडाने त्याला मागे ओढून जुळवून घ्यावं लागतं.

हे घड्याळ संध्याकाळी एक गोष्ट करतं, ती फारशी कुणाला माहीत नसते. दिवसभर साठलेला दाब संध्याकाळी बराच असतो, तरी आपण जेवून, गप्पा मारून रात्री दहापर्यंत जागे राहतो, कारण त्या वेळी घड्याळ जागेपणाचा जोर सगळ्यात जास्त लावतं. इस्रायलचे पेरेत्झ लावी यांनी १९८६ साली हे फार चिकाटीने मोजलं. माणसांना दिवस-रात्र सात मिनिटं झोपायचा प्रयत्न आणि तेरा मिनिटं जाग अशा फेऱ्यांमधून नेलं. रात्री साधारण ८ ते १० या वेळात, थकलेली माणसंसुद्धा जवळजवळ झोपूच शकली नाहीत. त्यांनी या वेळेला झोपेची निषिद्ध वेळ म्हटलं. आता साडेनऊला दिवा मालवणाऱ्याचा विचार करा. रोज साडेअकराला झोपणारा माणूस कालची भरपाई करायला दोन तास आधी पडतो, म्हणजे शरीर सगळ्यात जागं असताना पडतो. झोप येणारच नाही. आणि ती न आल्याची धास्ती वर.

ही धास्तीच पुढे गादीला चिकटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ साली मांडलेली पद्धत याच निरीक्षणावर उभी आहे. ज्या जागी आपण रात्रीमागून रात्र हिशेब करत, चडफडत, छताकडे बघत जागे राहतो, ती जागाच मेंदूला जागेपणाची खूण वाटू लागते. सोफ्यावर टीव्हीपुढे नऊ वाजता मान कलते, आणि उठून गादीवर गेलं की डोळे टक्क उघडतात. असं होत असेल तर गादी बदलून उपयोग नाही, तिच्याशी जुळलेली सवय मोडायला हवी. मूळ कारण, म्हणजे मुलाची दहावी, नोकरीतली अनिश्चितता, घरातलं आजारपण, केव्हाच संपलेलं असतं. निद्रानाशाला त्यानंतर जिवंत ठेवतात ते आपण त्यावर केलेले उपाय. लवकर पडणं, उशिरा उठणं, दुपारची झोप.

कृतीची सुरुवात एका वहीपासून होते. दोन आठवडे रोज सकाळी उठल्यावर पाच गोष्टी लिहायच्या. अंथरुणात कधी गेलो, अंदाजे किती मिनिटांनी झोप लागली, मधे एकूण किती वेळ जागे होतो, शेवटची जाग कधी आली, आणि अंथरुणातून कधी उठलो. सगळं अंदाजाने. रात्री घड्याळ बघायचं नाही, उलट ते भिंतीकडे तोंड करून ठेवायचं आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. घड्याळ बघितलं की मेंदू लगेच वजाबाकी करतो, "अडीच वाजले, म्हणजे आता साडेतीनच तास उरले," आणि त्या वजाबाकीनेच झोप उडते. मनगटावरच्या पट्ट्याचे आकडेही वहीत घेऊ नका. शांत पडून जागं राहिलेला वेळ तो बऱ्याचदा झोप म्हणून मोजतो.

आता आकडेमोड. समजा एक जण रोज १० वाजता पडतो आणि ७ वाजता उठतो, म्हणजे ५४० मिनिटं अंथरुणात. दुसऱ्या आठवड्याच्या सात रात्रींची झोप वहीप्रमाणे ३१०, ३५०, २८५, ३७५, ३२०, ३६० आणि ३१० मिनिटं. बेरीज २३१०, सरासरी ३३०, म्हणजे साडेपाच तास. ३३० ला ५४० ने भागून शंभराने गुणलं की ६१. हा त्याचा झोपेचा टक्का. नीट झोपणाऱ्या माणसाचा टक्का ८५ च्या वर असतो. या माणसाकडे साडेपाच तासांची झोप आहे आणि ती त्याने नऊ तासांवर पसरली आहे. पोळीचा उंडा लहान आणि परात भरेल एवढी पोळी लाटायची म्हटलं तर ती जागोजागी फाटणार, तसं.

म्हणून झोप पाहून अंथरूण पसरायचं. न्यूयॉर्कचे आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. झोपेची सरासरी जितकी, तितकाच वेळ अंथरुणात. आधी उठायची वेळ ठरवायची, कामाला जाण्याच्या हिशेबाने, समजा ६. तिथून साडेपाच तास मागे मोजले की १२:३०. झोपायची वेळ साडेबारा. त्याआधी पाठ टेकायची नाही. साडेबारालाही डोळ्यांवर झापड आली तरच आत जायचं. सकाळी सहाचा गजर झाला की रात्र कशीही गेली असली तरी उठायचं, रविवारीसुद्धा. सरासरी कितीही कमी निघाली तरी अंथरुणातल्या वेळेची ही खिडकी पाच तासांपेक्षा लहान करायची नाही, साडेपाचच धरली तर अधिक बरं.

दर आठवड्याला वही बघून एकदाच बदल करायचा. टक्का ९० किंवा वर असेल तर झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची. ८५ ते ९० मध्ये असेल तर तसंच ठेवायचं. ८५ च्या खाली गेला तर पंधरा मिनिटं कमी करायची. वय झालेल्यांसाठी ८५ वरच वेळ वाढवतात, कारण वयाप्रमाणे झोप हलकी होते. आपल्या उदाहरणातला माणूस पहिल्या आठवड्यात ३३० पैकी ३०० मिनिटं झोपला तर टक्का जवळपास ९१, म्हणून पुढचा आठवडा सव्वाबारा ते सहा. त्या ३४५ मिनिटांत ३१२ झोपला तर पुन्हा ९०, म्हणून बारा ते सहा. उठायची वेळ कधीच हलत नाही. सकाळचा ठरावीक उजेड घड्याळाला खुंटीसारखा धरून ठेवतो. संध्याकाळच्या बाजूने वेळ वाढवली तर ती खुंटी जागेवर राहते.

पहिले दहा-बारा दिवस जड जातात, हे आधीच माहीत असलेलं बरं. दिवसा पेंग येते, चिडचिड होते, विसरायला होतं. बहुतेक जण इथेच सोडतात, "याने तर झोप आणखी कमी झाली" म्हणून. झोप पहिल्या आठवड्यात खरंच थोडी कमी होते. तो दाबच तर वाढवायचा आहे. तो वाढला की पडल्या पडल्या डोळा लागतो, मधली जाग कमी होते, आणि गादीची झोपेशी पुन्हा सोयरीक जुळते.

म्हणूनच ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. बायपोलर आजार असेल तर झोप कमी केल्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो. फिट येणाऱ्यांना झोप तोडल्याने फिट येऊ शकते. झोपेत चालणाऱ्यांचं चालणं वाढू शकतं. एसटी, ट्रक, क्रेन, प्रेस मशीन चालवणाऱ्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे करूच नये. बाकीच्यांनीही पहिले दोन आठवडे रात्रीचा लांबचा प्रवास स्वतः चालवून करू नये, दुचाकीवर तर नाहीच. मोठ्याने घोरणं, घोरता घोरता श्वास थांबणं, सकाळी डोकं जड होणं हे असेल तर तो झोपेतला श्वासरोध असू शकतो, त्याची आधी तपासणी करा. संध्याकाळी पडल्यावर पाय वळवळतात, हलवल्याशिवाय राहवत नाही, चाललं की बरं वाटतं, असं असेल तर रक्तातलं लोह आणि फेरिटिन तपासून घ्या. आणि झोपेची गोळी चालू असेल तर ती मनाने एकदम बंद करू नका. अल्प्राझोलामसारखी गोळी एकदम थांबवली तर झोप पार उडते, क्वचित फिटही येते. ती डॉक्टरांकडून हळूहळू उतरवायची असते. मन खचलेलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून आधी टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा.

खरी अडचण असते रात्री साडेनऊ ते साडेबाराची. हे तीन तास काढायचे कसे? आडवं होऊन नाही, सोफ्यावर तर मुळीच नाही. "जरा पाठ टेकतो" म्हणून सोफ्यावर लागलेली वीस मिनिटांची डुलकी दिवसभर साठवलेल्या दाबातला सगळ्यात मौल्यवान भाग खाऊन टाकते. पाठीला ताठ टेकू देणारी खुर्ची घ्या. हाताला काम असू द्या, डोक्याला नको. उद्याची मेथी निवडा, लसूण सोला, कपड्यांच्या घड्या घाला, इस्त्री करा. दिवा एकच, पिवळा, मंद. पेंग आली तर उभं राहा, गॅलरीत जा, तोंडावर पाणी मारा.

मोबाईलबद्दल एक सांगावंसं वाटतं. पडद्याच्या निळ्या उजेडाला जरा जास्तच दोष दिला जातो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका नेमक्या प्रयोगात झोपण्याआधी चार तास आयपॅडवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला जेमतेम दहा मिनिटं जास्त लागली. मोबाईल झोप घालवतो तो मुख्यतः त्याच्यावर जे चाललेलं असतं त्याने. ऑफिसच्या ग्रुपवरचा एक मेसेज उजेडापेक्षा कितीतरी जास्त जागं करतो.

अंथरुणात गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही, किंवा त्याआधीच वैताग येऊ लागला, तर उठायचं. बूट्झिन यांच्या पद्धतीचा हा गाभा. दुसरीकडे जाऊन बसायचं आणि झापड आली की परत यायचं. एकाच रात्री पाचदा उठावं लागलं तरी पाचदा उठायचं. इथे थकवा आणि झोप यातला फरक ओळखता आला पाहिजे. अंग आंबलेलं, डोळे चुरचुरणारे, पण डोकं धावतंय, हा थकवा. पापण्या जड, मान कलते, वाचलेली ओळ परत वाचावी लागते, ही झोप. थकवा घेऊन अंथरुणात गेलात तर तो तिथे जागाच राहतो.

"उठून जाऊ कुठे? घरात एकच खोली" हा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. स्वयंपाकघरातला स्टूल चालतो. तेही नसेल तर भिंतीशी एक सतरंजी घालून ठेवा, पाय गादीबाहेर घ्या आणि तिथे टेकून बसा. जागा बदलल्याचं मेंदूला कळावं एवढंच हवं. ज्या घरांत गाद्या सकाळी गुंडाळून ठेवतात, त्यांना तर हा उपाय अर्धा आयताच मिळतो. पलंग दिवसभर पसरलेला असला की त्यावर लॅपटॉप, अभ्यास, फोन, नाश्ता सगळं होतं. गुंडाळलेल्या गादीवर दिवसा कुणी लोळत नाही.

सकाळी उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बाहेर जा, वीस-तीस मिनिटं. गॅलरी चालेल, खिडकीच्या आतून चालत नाही. घरातल्या दिव्याखाली साधारण शे-दोनशे लक्स उजेड असतो, पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळीही बाहेर हजारांत असतो. डोळ्याला तो मळभ वाटतो, घड्याळाला मात्र पुरतो.

चहाचं गणित वेगळं मांडायला हवं, कारण इथे आपण सगळेच चुकतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतात, तसं कॅफीन मेंदूत अडेनोसिनच्या जागा अडवतं. अडेनोसिन गाडीत चढलेलं असतंच, फक्त त्याला बसायला मिळत नाही. रुमाल निघाला की सगळं एकदम बसतं, म्हणून चहा उतरल्यावर जास्तच मरगळ येते. अंगातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना त्याहून बरेच जास्त. सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन अकराला आणि चतुर्थांश पहाटे चारला शिल्लक असतं. "मला रात्री चहा पिऊनही झोप लागते" हे खरं असू शकतं, पण ती झोप उथळ होते आणि हे झोपणाऱ्याला कळत नाही. ही पद्धत चालू असेपर्यंत दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. संध्याकाळी हातात कप हवाच असेल तर आल्याचं पाणी, गवती चहा.

दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण ती उतरू लागली की रात्रीचा दुसरा भाग तुकड्यातुकड्यांत जातो. पहाटे तीनला जाग येणाऱ्यांनी आधी इथे बघावं.

तळपायाला तेल चोळायची आपली जुनी सवय मात्र ठेवण्यासारखी आहे. झोप लागण्याआधी शरीर आतली उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर टाकतं, आणि बाझेलच्या संशोधकांनी १९९९ साली दाखवलं की हातपाय उबदार असले की झोप लवकर लागते. झोपायच्या एक-दोन तास आधी कोमट-गरम पाण्याने दहा मिनिटं आंघोळ केली तरी तेच होतं. काशाच्या वाटीने तळपाय घासले तर चोळण्याची ऊब मिळते, तेवढा फायदा खरा. वाटी काळी पडते ती अंगातली उष्णता निघाली म्हणून नव्हे, काशातल्या तांब्याची तेल-तुपाशी क्रिया होते म्हणून.

डोकं धावत असेल तर त्याची सोय संध्याकाळीच लावा. सातच्या सुमाराला पंधरा मिनिटं वही घेऊन बसा. पानाच्या डाव्या बाजूला काळजी, उजव्या बाजूला तिच्यावरचं उद्याचं पहिलं काम. "आईचे रिपोर्ट" असं नाही, "सकाळी दहाला लॅबमध्ये फोन" असं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली. यादी जितकी बारीक, तितकी झोप लवकर.

हे सगळं नीट करूनही फिसकटतं कुठे? बहुतेक वेळा रविवारी. सहाऐवजी नऊला उठलं की रविवारी रात्रीपर्यंत दाब साठायला तीन तास कमी मिळतात, घड्याळही उशिराकडे सरकतं, आणि सोमवारी ऑफिसला जाताना माणूस म्हणतो की पद्धत चालली नाही. दुसरी जागा लोकलची. कर्जत-कसाऱ्याकडे संध्याकाळी सातच्या गाडीत खिडकी मिळाली की अर्धा तास डोळा लागतोच, आणि वहीत ती झोप लिहायची राहते. परतीच्या प्रवासात उभं राहणं फार वाटत असेल तर निदान शेजाऱ्याशी बोलत राहा. तिसरी चूक मोजणीची. तीन रात्री छान गेल्या की लोक स्वतःच तासभर लवकर झोपू लागतात. आठवड्याला पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही.

सहा ते आठ आठवड्यांत खिडकी वाढत वाढत एका जागी थांबते. त्यापुढे वाढवली की टक्का ८५ च्या खाली घसरतो, तीच तुमची झोप. बहुतेक प्रौढांची ती सात तासांच्या आसपास येते, कुणाची सव्वासहाला थांबते आणि दिवसभर ताजंतवानं वाटत असतं. आठचा आकडा गाठायचाच असं मनाशी धरू नका, त्या आकड्यापायी कितीतरी लोक चांगली झोपही वाईट मानत बसतात.

पुढे कधीतरी लग्नघरातल्या जागरणाने, दवाखान्यातल्या रात्रींनी झोप पुन्हा विस्कटेल. एका वाईट रात्रीनंतर काहीही बदलायचं नाही, ठरलेल्या वेळीच उठायचं आणि ठरलेल्या वेळीच पडायचं. दोन आठवडे तसंच चाललं तर जुनी वही काढा, नवं पान उलटा आणि पुन्हा सात रात्रींची बेरीज करा. या वेळी खिडकी बहुधा सहा तासांपासून सुरू होईल आणि दोन-तीन आठवड्यांतच पूर्वीच्या जागी पोहोचेल.